नानासोंच्या तोंडातल्या टाचण्या

विट्यात आमच्या दाराच्या बरोब्बर समोर नानासो टेलरांचं दुकान होतं. होतं म्हणजे अजूनही आहे. पण मी आता सांगलीच्या बोर्डिंगात राहते, त्यामुळे गावाकडचं सगळं 'होतं' असंच तोंडात येतं. इथं संध्याकाळी सातला घंटा होते आणि सगळ्याजणी मुकाट्यानं पुस्तकं उघडतात. विट्यात सातला नानासोंचं मशीन थांबायचं. ते थांबलं की आई चुलीपाशी बसल्याबसल्या सांगायची, "मांडला डाव."

दुकान केवढं? मशीन, कापायचं टेबल, कोळशाची इस्त्री आणि दोन माणसं, की भरलं. पाटीवर 'लेडीज अँड जेंट्स' असं लिहिलेलं, पण नानासोंची बायको शालूबाई सोडली तर दुसरी लेडीज तिथं मी पाहिली नाही. ती उंबऱ्याशी पोत्यावर बसून काजं करायची, बटणं लावायची. बाहेर ओट्यावर लांब बाकडं. त्या बाकड्यावर बुद्धिबळाचा पट पसरायचा. पट नानासोंनी स्वतः शिवलेला: कोटाचं काळं अस्तर आणि जुन्या पंच्याचं पांढरं, चौसष्ट तुकडे, एक टाका वाकडा नाही.

मोहरे मात्र कृष्णातचे होते.

कृष्णात हा नानासोंचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी त्या बाकड्यावर वीस वर्षं रोज एक डाव खेळला. मग आमच्याकडच्या निम्म्या घरांतले पुरुष जातात तसा तोही गलाईला गेला. गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करून द्यायचा धंदा. आमच्या भागातली माणसं त्यासाठी कुठल्या कुठल्या शहरांत जाऊन बसली आहेत. कृष्णात एकाहत्तर साली कोइमतूरला निघाला, तेव्हा त्यानं मोहऱ्यांचा पत्र्याचा डबा नानासोंच्या मांडीवर ठेवला. मोहरे शिसवी, त्याच्या वडलांच्या वेळचे. एक काळं प्यादं कधीच हरवलं होतं. त्याच्या जागी नानासोंचं बोटात घालायचं पितळी अंगुस्तान उभं असायचं.

"नान्या, ही चालती ऱ्हायली पायजेत," कृष्णात म्हणाला. "डब्यात पडली तर मी घिऊन जाणार. मग तोंड वाकडं करायचं न्हाई."

"आरं जा रं. हितं खेळणाऱ्याला काय तोटा?"

तोटा पडला. बाकड्यावरचे एकेक गडी गलाईला गेले. कोण मदुरेला, कोण कलकत्त्याला. शहात्तर साल उजाडेपर्यंत बाकड्यावर दोनच माणसं उरली, आणि ती दोन्ही न खेळणारी. भाऊसो मिलिटरीत ड्रायव्हर होते. पेन्शन घेऊन आलेले. त्यांना खेळण्यापेक्षा दुसऱ्याला लढवणं आवडायचं. आणि सोसायटीचे क्लार्क लालासाहेब. परदेशात बुद्धिबळाची मोठी लढत झाली त्या वर्षापासून ते पेपरातली कात्रणं खिशात ठेवायचे आणि आपण फक्त आंतरराष्ट्रीय नियमांनीच खेळणार म्हणायचे. नानासो देशी पद्धत सोडून दुसरं खेळत नव्हते. त्यामुळे दोघं चार वर्षं एकाच बाकड्यावर शेजारी बसले आणि एकही डाव खेळले नाहीत.

नवीन गडी येत नव्हते असं नाही. येत होते. टिकत नव्हते. का टिकत नव्हते हे आमच्या दारातून अगदी स्वच्छ ऐकू यायचं.

बँकेत नवीन आलेला एक क्लार्क एकदा बसला. बिचारा साताऱ्याचा, घडीची पँट, केसाला तेल. म्हणाला, "मला शिकायची फार इच्छा आहे." नानासोंचे डोळे लकाकले. मशीनचं पायडल सोडून ते बाहेर आले आणि एका दमात सुरू झाले:

"ह्यो राजा. एक घर चालतो. पण आख्ख्या डावात एकदा, एकदाच बरं का, घोड्यावानी उडी मारतो. शह बसायच्या आधी मारायची. शह बसला की उडी गेली. ह्यो वजीर, ह्यो कसाबी जातो, पण घोड्यावानी न्हाई. ही प्यादी. सरळ चालत्यात, तिरपी मारत्यात. प्यादं पल्याड पोचलं की ज्याच्या घरात पोचलं ते व्हतं. उंटाच्या घरात उंट, हत्तीच्या घरात हत्ती. घोड्याच्या घरात गेलं तर घोडा, आन वर एक उडी फुकाट. पण तुमचा घोडा मेलेला पायजे. जित्ता आसंल तर प्यादं दारात थांबतंय. समोरच्याचं समदं मारायचं न्हाई, एक तरी ठिवायचं, न्हाईतर बुर्जी. बुर्जी म्हंजी अर्धीच जीत. आन प्याद्यानं मात केली तर, आहाहा! कळलं?"

"हो... म्हणजे, घोडा मेलेला—"

"पैले सेंटर पकडो!" भाऊसो डावीकडून. "फ्लँक खुला मत छोडना. रसद तोडो दुश्मन की!"

"यात एक लक्षात घ्या," लालासाहेब उजवीकडून, कात्रण उलगडत. "आंतरराष्ट्रीय नियमात प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. आणि राजाची उडी नाही. तिथं किल्लेकोट असतो. तो दोन प्रकारचा."

"त्यो सोडा! तुमी उडीच ध्येनात ठेवा."

"सेंटर! सेंटर!"

क्लार्कानं रुमालानं कपाळ पुसलं. त्याचं बोट एका प्याद्यावर टेकलं, आणि तीन आवाज एकदम आले: "ते नको!" त्यानं चटका बसल्यासारखं बोट काढून घेतलं. "मला जरा पोस्टात जायचंय," म्हणाला. संध्याकाळचे सात वाजले होते. त्यानंतर तो बँकेतून घरी जायचा ते मागच्या गल्लीनं.

त्याच्या आधी कंपाउंडर पळाला होता. त्याच्या आधी एस.टी.चा कंट्रोलर. नानासो दरवेळी खरोखर चक्रावायचे. "आजकालच्या माणसांना दमच न्हाई. समदं तर सांगितलं, एक गोष्ट म्हणून लपवली न्हाई." ते खरंच होतं. ज्या खेळावर जीव, तो त्यांना एका बैठकीत दुसऱ्याच्या पदरात ओतून द्यावासा वाटायचा. माणूस पदर झटकून निघून गेला की मग ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे. पांढऱ्याकडून खेळताना उजव्या अंगाला बसायचे, काळ्याकडून खेळताना उठून डाव्या अंगाला. ते बघून आई एकदा नुसतीच "च्च" म्हणाली होती.

श्रावणात कृष्णातचं कार्ड आलं. शालूबाईला वाचता येत नव्हतं आणि नानासोंचा चष्मा त्या दिवशी दुरुस्तीला गेलेला, म्हणून ते मी वाचून दाखवलं. 'नान्यास नमस्कार. दसऱ्याच्या पालखीला येतो. बाकड्यावर कोणी बसत नाही असं कळलं. खरं असेल तर मोहरे बांधून ठेव, बरोबर नेईन. इथं मला एकट्याला करमत नाही.'

नानासोंनी डबा उघडून एकेक मोहरा धोतराच्या सोग्याला पुसला. मग शालूबाईला म्हणाले, "बांधून ठेव म्हणतोय. बांधून ठेवाय हे काय कापड हाय?"

त्याच आठवड्यात बिराप्पा आला.

बिराप्पा आटपाडीकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात त्याची मेंढरं गेली, तेव्हापासून तो विट्यात यंत्रमागाच्या कारखान्यात सुताचे गठ्ठे वाहायचा. दसऱ्यासाठी सदरा शिवायला कापड घेऊन आला, तेव्हा नानासो दिवाळीनंतर बोहल्यावर चढणाऱ्या एका नवरदेवाच्या कोटाला टाचण्या लावत होते. नवरदेव हात पसरून उभा, आणि नानासोंच्या ओठांत पाचसहा टाचण्या. बिराप्पा बाकड्यावर टेकला. समोर पट मांडलेला.

"ही कशाची जनावरं म्हणायची, मास्तर?"

"म्म्," नानासो म्हणाले. टाचण्या तोंडात असताना दुसरं काय म्हणणार? खडूचा हात पुसून ते बाहेर आले आणि हत्ती उचलून सरळ नेला. पुन्हा आडवा नेला. मध्ये एक प्यादं ठेवलं, हत्ती तिथं अडवला.

"सरळ जातुया. आडवलं तरच थांबतुया," बिराप्पा म्हणाला.

नानासोंनी जोरात मान हलवली. मग उंट तिरपा नेला.

"ह्यो तिरपा व्हय? उंट तिरपाच चालतुया, मी बघितलाय की." बिराप्पानं स्वतःच्या हातानं उंट फिरवून पाहिला, मग हत्ती, मग परत उंट. चांगला पाव तास. मग उठला. "बास. आज दोनच. उद्या येतो, तवा तिसरं दावा."

नानासोंनी घाईघाईनं हाताची ओंजळ तोंडापुढं धरली, टाचण्या काढून बोलण्यासाठी. तेवढ्यात शालूबाईचा आवाज आला, सुईसारखा:

"ऱ्हाऊ द्या तोंडात!"

नानासो तसेच थांबले. बिराप्पा गल्लीच्या टोकाला गेल्यावर त्यांनी टाचण्या काढल्या. "अगं, हत्तीचंच अजून किती सांगायचं ऱ्हायलंय! दोन हत्ती एका रेघंत आणले तर—"

"कोइमतूरला जाऊन सांगा. मोहरं गेल्यावर."

नानासो टाचण्या एकेक करून डबीत टाकायला लागले.

"आवं, गिऱ्हाईक आलं की तुमी काय करता? माप घेता, खडू मारता, कच्चा टाका घालता, मग मशीन. का समदं एकदम त्याच्या अंगावर शिवता?" शालूबाईनं दोरा दातानं तोडला. "ह्यो उद्या येतो म्हणून गेलाय. आजवर उद्या येतो कोण म्हणालं?"

दुसऱ्या दिवशी सात वाजता शालूबाईनं स्वतः डबीतून तीन टाचण्या काढून नवऱ्याच्या हातात दिल्या. त्यांनी औषध घ्यावं तशा त्या ओठांत धरल्या. बिराप्पा आला. घोडा शिकला. तिसऱ्या दिवशी नुसती प्यादी. आठ ह्या अंगाची, आठ त्या अंगाची, दुसरं काही पटावर नाही. भाऊसोंना ते असह्य झालं. "अरे, ये क्या नर्सरी क्लास है? सें—"

"भाऊसो," शालूबाई म्हणाली, "एवढी ही कॉलर उसवून द्या की. माझी नजर न्हाई पोचत." आणि लालासाहेबांच्या हातात सुयांची गड्डी: "तुमचा हात लय थिर हाय. दोरं ओवून ठिवा." सुईत दोरा ओवताना माणूस बोलत नाही. मी करून पाहिलंय, खरंच बोलता येत नाही.

मग दोन महिने आमची गल्ली इतकी शांत झाली की आईला संध्याकाळी चुकल्यासारखं व्हायचं. ऐकू यायचं ते एवढंच: मोहरा ठेवल्याचा टक्, आणि नानासोंचं "म्म्". त्या "म्म्"चे प्रकार मला पाठ झाले होते. छोटं "म्म्" म्हणजे बरोबर. लांब "म्म्म्म्" म्हणजे बघ, पुन्हा बघ. आणि नाकातून वारा सोडून आलेलं "म्हंम्" म्हणजे गेला तुझा हत्ती. कधी कधी सांगायच्या गोष्टी गळ्याशी इतक्या दाटायच्या की नानासो उठून आत जायचे आणि थंड इस्त्री एखाद्या कापडावरून उगाच फिरवून यायचे.

बिराप्पाची खेळायची रीत वेगळीच. चाल करायच्या आधी तो बोटानं सगळे मोहरे मोजायचा. पुटपुटायचा, "मागं कोण ऱ्हायलं?" आणि जो मागं राहिला असेल त्याला पुढं आणायचा. एकट्याला कुठं पाठवायचा नाही. सोबतीला कोणीतरी दिल्याशिवाय त्याचा वजीरही घर सोडत नव्हता. भाऊसो उसवलेली कॉलर मुठीत आवळून पुटपुटायचे, "ये आदमी लढाई नहीं, बकरियां चरा रहा है."

"मेंढरं," बिराप्पा वर न बघता म्हणायचा. "बकरी येगळी."

रोज तो नानासोंशी हरायचा, आणि रोज डाव थोडा लांबायचा. आधी चहा येईपर्यंत, मग चहा थंड होईपर्यंत, मग शालूबाई "ज्येवायचं हाय का न्हाई आज?" म्हणेपर्यंत.

दसऱ्याला पालख्या झाल्या, गुलालानं रस्ता लाल झाला, आणि तिसऱ्या प्रहरी कृष्णात आला. अंगात टेरिलिनचा चमकता शर्ट, हातात आपट्याची पानं. "सोनं घ्या वैनी, कोइमतूरचं न्हाई, हितलंच हाय," म्हणून शालूबाईला पानं दिली, नानासोंना कडकडून मिठी मारली. मग बाकड्याकडे नजर टाकली.

"डबा?"

"डबा मोकळा हाय," नानासो म्हणाले. "मोहरं पटावर हायत. ह्यो बिराप्पा. रोज बसतोय."

कृष्णातनं बिराप्पाला खालून वर बघितलं. "पालखीपुरता बसवलायस व्हय? बरं. म्याच खेळतो ह्याच्यासंगं. डाव सोपा असंल न्हाईतर अवघड, शेवटापतूर उठला न्हाई, तर मोहरं हितंच. मदनंच उठला, तर डबा माझा. आन बाहेरनं कुणी एक शबुद बोलायचा न्हाई."

नानासोंनी शालूबाईकडे हात केला. तिनं या वेळी चार टाचण्या दिल्या.

पालखीहून परतणारी माणसं ओट्याभोवती थांबली. दहाव्या की अकराव्या चालीला कृष्णातनं एक प्यादं दोन घरं पुढं ढकललं. लालासाहेब ताडकन उभे राहिले. "आंतरराष्ट्रीय! मी चार वर्षं सांगतोय!"

"फाउल!" भाऊसो ओरडले.

"कोइमतूरला आसंच खेळत्यात."

"मग डाव मांडतानाच तसं ठरवायला पाहिजे होतं!" लालासाहेब म्हणाले.

"ये विटा है, कोइमतूर नहीं!"

जमलेल्यातल्या तिघाचौघांनीही आपापलं मत दिलं. पूर्वी याच गोंगाटात बँकेचा क्लार्क पोस्टात गेला होता. नानासोंचा चेहरा पांढरा पडला. ओठ असे दाबलेले की मला त्या टाचण्यांचीच भीती वाटायला लागली. बिराप्पानं हनुवटी तळहातावर टेकवली आणि वारा पडायची वाट बघावी तसा थांबला. सगळे दमल्यावर म्हणाला, "झालं का? पावण्यांचं प्यादं लांब पळतंय तर पळू द्या. माझी येतील एकेक घरानं." आणि मोजलं. "मागं कोण ऱ्हायलं?"

डाव लांबला. शेजारणीनं दिवाबत्ती केली. कृष्णातनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. तो आता पाहुण्यासारखा खेळत नव्हता. आणि मग त्याचा वजीर आणि घोडा बिराप्पाच्या राजाच्या अंगावर चालून आले. पुढच्या चालीला शह बसणार हे आमच्या दारातूनसुद्धा दिसत होतं. सुटायला एकच वाट होती. राजाची ती एकदाच मारायची उडी.

ती उडी बिराप्पाला कोणी शिकवलीच नव्हती.

नानासोंनी ती मागं ठेवली होती. आज एक, उद्या एक, असं करता करता ती पुढं पुढं जात राहिली. बारा नवख्यांना त्यांनी जी गोष्ट सगळ्यात पहिली सांगितली, ती या एकाला सांगायची राहून गेली. त्यांनी शालूबाईकडे बघितलं. वीस वर्षं ऐकून तिलाही ती उडी माहीत होती. तिची सुई काजात अर्धी थांबलेली. तिनं हळूच मान खाली घातली. नानासोंच्या खालच्या ओठावर रक्ताचा बारीक ठिपका आला, पण तोंड उघडलं नाही.

शह बसला. उडी गेली. चार चालींनी मात झाली.

लोक पांगायला लागले. कृष्णातनं घाम पुसला. "आरं गड्या, शहाच्या आधी राजाची उडी का न्हाई मारलीस? वाचला आस्तास की."

"राजा उडी मारतुया?" बिराप्पानं नानासोंकडे बघितलं.

नानासोंनी टाचण्या काढल्या. आवाज पार बसलेला. "मारतो. एकदाच. सांगायचं ऱ्हायलं, बिराप्पा. माझी चूक झाली."

"मग उद्या सांगा. आज एवढंच पुरं हाय."

कृष्णातनं सवयीनं डबा ओढला आणि हातातला हत्ती आत टाकला. खण्ण वाजलं. बिराप्पानं त्याचं मनगट धरलं.

"आवं पावणं, डब्यात कशाला घालताय? मांडा की."

"हरलास न्हवं?"

"व्हय. कुठनं हरलो ते बघायचंय. मांडा."

कृष्णातनं डब्यातून हत्ती काढून जागेवर ठेवला. "नान्या," तो म्हणाला, आणि आवाजातला सगळा कोइमतूर गळून पडला होता, "तितं मी बी पाच जणांना शिकवाय बसलो. आपल्याच गलाईतली पोरं. एक बी दुसऱ्या दिवशी आला न्हाई. मला वाटलं, मोहरं चांगलं न्हाईत म्हणून येत न्हाईत. आपलं शिसवी नेलं की येतील. तू काय केलंस रं ह्याला?"

नानासोंनी एक टाचणी धोतराला पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"ही?"

"तोंडात धरायची. बोलायची न्हाई."

"आन वैनीवानी डोळं वटारणारं कोण आणू तितं?" कृष्णात म्हणाला, आणि शालूबाईसकट सगळे हसले. पण टाचणी त्यानं टेरिलिनच्या कॉलरला आतून टोचून ठेवली. डबा रिकामाच शालूबाईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सातला मशीन थांबलं. मी मुद्दाम उंबऱ्यात जाऊन बसले. बिराप्पा आला, नवा सदरा घालून. नानासोंनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं टाकला. "ही उडी. डावात एकदा. शहाच्या आधी." एवढंच बोलले. बिराप्पानं राजा चारी बाजूंनी उडवून पाहिला, जागेवर ठेवला. नेहमीसारखा "बास" म्हणेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"आन?" तो म्हणाला.

भाऊसोंचा हात कॉलरवर थांबला. लालासाहेबांची बोटं कात्रणाच्या खिशाकडे गेली. या एका शब्दासाठी नानासो इतकी वर्षं माणसं धरून बसवत होते. प्यादं पोचल्यावर काय होतं, फुकाटची उडी, बुर्जी, प्याद्याची मात, दोन हत्ती एका रेघेत. सगळं त्यांच्या डोळ्यांत एकदम वर आलेलं मला दिसलं. त्यांनी तोंड उघडलं. शालूबाईनं आज हात पुढं केला नाही. ती बटण लावत राहिली.

नानासोंनी वाकून तिच्या डबीतून स्वतःच एक टाचणी उचलली.

"उद्या," ते म्हणाले, आणि टाचणी ओठांत धरून प्यादी मांडायला लागले.